जाणत्या माणसाच्या अखेरच्या महिन्यांत घरातली कामे आणि मान कसे सोपवून घ्यावेत

कोकणातल्या घरात माणूस ओळखला जातो तो त्याच्याकडे असलेल्या कामावरून आणि मानावरून. गणपतीची पूजा कोण करतो, शिमग्याला पालखी अंगणात आली की नारळ कोण ठेवतो, आंब्याचे कोणते कलम यंदा धरणार हे कोणाला कळते, बांगड्याच्या आमटीत तिरफळे किती पडायची हे कोणाच्या हाताला ठाऊक आहे आणि मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची झोपायची सोय कोण लावते, यावर घराची घडी बसलेली असते. बरा न होणारा कर्करोग, थकत चाललेले हृदय किंवा मूत्रपिंड, अथवा नुसते वार्धक्य आले की ही कामे हातून सुटू लागतात आणि त्या माणसाला शरीराच्या दुखण्याइतकेच, काही वेळा त्याहून अधिक, या सुटण्याचे दुःख होते. मालवणी मुलखात म्हातारी माणसे ते सरळ बोलून दाखवतात : "आता माझो काय उपेग?"

घरची मंडळी प्रेमापोटीच म्हणतात, "तुम्ही आता कशात लक्ष घालू नका, स्वस्थ पडून राहा." त्या एका वाक्याने पन्नास वर्षे सांभाळलेले सारे एका दिवसात काढून घेतले जाते. माझे सांगणे असे आहे की काम काढून घेऊ नये, ते त्या माणसाकडून मागून घ्यावे. एका वेळी एकच मागावे, तो शुद्धीवर असताना मागावे आणि निदान एक काम तरी अखेरपर्यंत त्याच्याकडेच राहू द्यावे. हे कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे लिहिले आहे.

आधी दुखणे आटोक्यात आणावे

वेदनेने तळमळणाऱ्या माणसाशी कलमांविषयी किंवा गणपतीविषयी बोलता येत नाही. म्हणून पहिली पायरी औषधाची आहे. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्न रुग्णांसाठीचे रुग्णालय सुरू केले. त्यांनी मांडलेली 'समग्र वेदना' ही कल्पना आज जगभर मानली जाते : शरीराचे दुखणे, मनाचे, घरादाराचे आणि श्रद्धेचे दुखणे एकमेकांत गुंतलेले असते आणि यांपैकी एकाकडे दुर्लक्ष केले तर बाकीचीही शमत नाहीत. आपल्याकडे या धर्तीचे पहिले केंद्र, शांती आवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले.

जिथे उपचार चालू आहेत तिथल्या डॉक्टरांना 'पॅलिएटिव्ह केअर' विभागाविषयी, म्हणजे आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या विभागाविषयी, स्पष्ट विचारावे. मुंबईच्या मोठ्या कर्करोग रुग्णालयातून "आता गावी न्या" असे सांगून पाठवले असेल, तर निघण्यापूर्वीच वेदनाशामक गोळ्यांचे वेळापत्रक, पुढची चिठ्ठी आणि अडचण आल्यास फोन कोणाला करायचा हे लिहून घ्यावे, कारण वाडीत पोहोचल्यावर रात्री दोन वाजता ही माहिती मिळत नाही. मॉर्फिनला घाबरू नये. तीव्र वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन हे योग्य औषध आहे आणि ते रुग्णांपर्यंत पोहोचणे सोपे व्हावे यासाठी २०१४ मध्ये कायद्यात बदलही करण्यात आला. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध मागून घ्यावे.

किती सांगायचे, हे त्यांनाच विचारावे

"बाबांना काही कळू देऊ नका" हा आग्रह आपल्या घरांत फार असतो. त्यामागची माया खरी असली तरी परिणाम असा होतो की ज्याला सोपवायचे आहे त्यालाच वेळ किती उरला आहे हे ठाऊक नसते, आणि बहुतेक वेळा ते त्याला आतून कळलेलेही असते. मग तो घरच्यांना जपण्यासाठी गप्प राहतो आणि घरचे त्याला जपण्यासाठी. एखादी दुपार पाहून, ओटीवर दुसरे कोणी नसताना, जवळच्या एकाच माणसाने विचारावे : "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते सगळे ऐकायचे आहे, की आम्ही बघून घेऊ?" त्यांनी "तुम्हीच बघा" म्हटले तर तो निर्णयही त्यांचाच आहे आणि तो मानावा. "सांग" म्हटले तर खोटे बोलू नये. महिन्यांचा हिशेब द्यावा लागत नाही. "आजार बरा होण्यातला नाही, दुखू नये याची व्यवस्था आम्ही केली आहे" इतके पुरते. त्यांनी पुढे विचारले तर पुढे बोलावे.

त्यांच्याकडे नेमके काय आहे, याची यादी करावी

ही यादी घरच्या दोघातिघांनी बसून कागदावर करावी. बँक, सातबारा आणि वीजबिल सगळ्यांना आठवते, न दिसणारी कामे मात्र सुटतात. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारायला कोणाला सांगायचे, विहिरीवरून पूर्वी काय ठरले होते, देवळाच्या वर्षावळीत आपली पाळी कधी असते, मिरगात (मृग नक्षत्रात) राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, काय द्यायचे, कोणत्या भावकीशी बोलणे बंद आहे आणि का, हे बहुधा एकाच डोक्यात असते. मासेमारी करणाऱ्या घरात तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, समुद्रातल्या जागा किनाऱ्यावरचा डोंगर, देऊळ, माडांची रांग यांच्या खुणेवरून ठाऊक असतात. हल्ली बोटीवर यंत्रे आली, तरी त्या खुणा लिहून घेण्यासारख्याच असतात. आईच्या बाबतीत यादी आणखी लांब होते, कारण तिच्या कामांना कोणी काम म्हटलेलेच नसते : लोणच्याचे मीठ, आमसुलांची उन्हे, मसाल्यात कोणत्या मिरच्यांचा मेळ घालायचा, कोणत्या नातवाला काय सोसत नाही, कोणत्या सुनेच्या माहेरी काय पाठवायचे.

यादी झाली की ती त्यांना वाचून दाखवावी. अनेकदा इथेच पहिले समाधान दिसते, कारण आपण काय काय करत आलो हे कोणी तरी एकदा मोजले, असे त्यांना वाटते. मग तीन गोष्टी विचाराव्यात : यातले आता नकोसे झालेले कोणते, कोणाला द्यावेसे वाटते आणि कोणते सोडवत नाही. ही उत्तरे घरच्यांच्या अंदाजापेक्षा वेगळी निघतात. पैशांचे व्यवहार मुलाकडे द्यायला माणूस सहज तयार होतो, पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावण्याचे काम सोडत नाही.

सोपवून घेणे

हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याला घाई चालत नाही. काम सोपवले जाताना तीन गोष्टी घडाव्या लागतात : देणाऱ्याने शब्दाने सांगणे, घेणाऱ्याने त्याच्यादेखत करून पाहणे आणि ज्यांच्याशी त्या कामाचा संबंध आहे त्यांना ते कळणे.

हापूसच्या बागेचे उदाहरण घेऊ. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व, हे पुस्तकातही सापडते. पण चौदा आणे कसे ओळखायचे, ते हाताला आणि डोळ्याला यावे लागते. देठाजवळचे खांदे वर आले का, सालीचा गडद हिरवा रंग उतरून फिका झाला का, फळ हातात भरीव लागते का, हे तीस वर्षे झाडावर चढलेल्या माणसाला पाहताच कळते. त्याला आता ओटीवरून खाली उतरवत नाही. मुलगा किंवा गडी झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन बागेत जातो आणि वडील बाजेवर पडून असतात. अशा वेळी प्रत्येक कलमाची दोन-दोन फळे खुणेसह आणून त्यांच्या हातात द्यावीत. ते फळ फिरवून पाहतील, खांद्यावरून अंगठा नेतील आणि म्हणतील, "विहिरीकडचे आजच उतर, वरच्या कुंपणाचे आठ दिवस थांब." त्याप्रमाणेच करावे. मुलाने आपला अंदाज आधी बोलून दाखवावा आणि मग त्यांचा ऐकावा, म्हणजे शिकणेही होते. बाजारात पेटी गेल्यावर काय भाव आला हे त्यांना त्याच संध्याकाळी सांगावे. चढण्याचे काम गेले, पारख राहिली, असा हा बदल असतो. पारखीचा मान मिळालेला माणूस स्वतःला निरुपयोगी समजत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

स्वयंपाकघरात हेच आईसाठी करता येते. तिला उभे राहता येत नसेल, तर माजघरात तिच्या बाजेशेजारी पाटा किंवा मिक्सरचे भांडे नेऊन वाटप दाखवावे. हळद, मिरची आणि खोबरे यांचे प्रमाण ती नजरेने सांगेल. सुनेने करावे आणि तिने चमचाभर चाखावे. "मीठ थोडे हवे" एवढे शब्द बोलण्याचा अधिकार तिच्याकडे राहू द्यावा. पुढे अन्नावरची वासना गेल्यावर चाखणेही नकोसे होते. त्या वेळी फोडणीचा वास घेऊन ती कोकम टाकायची वेळ सांगू शकते. किल्ल्यांचा जुडगा मात्र तिने स्वतः, घरातल्या सगळ्यांसमोर, जिच्याकडे द्यायचा तिच्या हातात द्यावा. तो उशाखालून काढून घेणे ही फार मोठी चूक आहे आणि ती घरोघर होते.

देवाधर्माचे आणि गावाचे मान सोपवताना गाव साक्षी असणे गरजेचे असते. गणपतीची पूजा पुढच्या वर्षी मोठ्या मुलाने करायची असेल, तर या वर्षी वडिलांना खुर्चीवर चौरंगाशेजारी बसवून त्यांनी सांगावे आणि मुलाने करावे. गाऱ्हाणे घालायचे असेल तर शब्द त्यांचेच असावेत, आवाज बारीक झाला असला तरी चालेल. शिमग्यात मानकरीपण असेल, तर गावकरांना आणि इतर मानकऱ्यांना घरी बोलावून, "यंदापासून हा उभा राहील" असे त्यांच्या तोंडून सांगितलेले बरे, कारण मानावरून मागाहून होणारे वाद आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालतात. सण लांब असेल आणि वेळ थोडा असेल, तर सणाची वाट न पाहता हे बोलणे आधीच उरकावे.

काही माणसे काहीच सोपवायला तयार नसतात. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. बहुधा त्यांना घेणाऱ्याचा भरवसा नसतो, किंवा दिले की आपण संपलो असे वाटत असते. एखादे लहान काम आधी मागावे, ते नीट करून दाखवावे आणि परत येऊन हिशेब द्यावा. चार-सहा दिवसांनी दुसरे आपोआप पुढे येते.

कागदपत्रे

मालक ही मोठी ओळख असते, म्हणून मृत्युपत्राचा विषय काढणे जड जाते. पण हे कामही त्यांच्याच इच्छेने झालेले सोपवणे आहे, अशा रीतीने तो काढावा. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना मिळकत मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, परंतु वाद होण्याची शक्यता असेल तर केलेली चांगली, आणि माणूस अंथरुणावर असेल तर कारण दाखवून दुय्यम निबंधकांना घरी येण्याची विनंती करता येते. कोकणात बहुतेक सातबारे सामाईक असतात. अशा जमिनीत मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, हे आधीच समजून घ्यावे. बँकेतला नॉमिनी म्हणजे वारस असा गैरसमज सर्वत्र आहे. नॉमिनीला रक्कम हाती मिळते, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

दुसरा कागद उपचारांविषयीचा आहे. "शेवटी मला नळ्या लावू नका, मुंबईला नेऊ नका" असे अनेकजण सांगतात, पण ते तोंडीच राहते आणि ऐन वेळी भावंडांत भांडण होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी तिची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्याचे नावही त्यात लिहावे. बोलता येत नसतानाही निर्णय आपलाच राहतो, हे या कागदाचे मोल आहे.

अंगाची सेवा आणि लाज

न्हाणीघरात दुसऱ्याने नेणे, कपडे बदलणे, भांडे देणे, इथे माणसाची स्वतःविषयीची भावना सर्वांत लवकर दुखावते. ज्या सासऱ्यांसमोर सून कधी मोकळेपणी बसली नाही, त्यांना तिने पुसून काढायचे हे दोघांनाही अवघड जाते. कोणाकडून करून घ्यायला चालेल, हे त्यांनाच विचारावे आणि शक्य तर मुलगा, पुतण्या किंवा शेजारचा जाणता माणूस यांची पाळी लावावी. अंग पुसताना उघडा भाग तेवढाच ठेवून बाकीवर पंचा किंवा चादर घालावी आणि काय करत आहोत ते आधी सांगावे. कूस दर दोन तासांनी बदलावी. रोज दाढी करणाऱ्याची दाढी करावी. नऊवारी नेसणाऱ्या आजीला गाऊन सोयीचा असला, तरी पाहुणे येताना वरून लुगड्याचा पदर घेऊ द्यावा. कवळी, चष्मा आणि कानातले यंत्र हाताशी ठेवावे. या वस्तू काढून पेटीत ठेवल्या की माणसाचे बोलणे आणि ऐकणे दोन्ही थांबते.

बघायला येणाऱ्यांचे काय करायचे, हाही प्रश्न असतो. वाडीतली माणसे मायेने येतात, पण बाजेभोवती उभी राहून "किती उतरले हो!" असे त्यांच्यादेखत बोलतात. येणाऱ्याला ओटीवरच सांगावे की आबांशी बोला, आबांविषयी नको.

सेवा करणाऱ्यांच्या भूमिकाही बदलतात

पत्नी परिचारिका होते, मुलगा वडिलांचा बाप होतो, आणि मुंबईतल्या भावाला आपण दूर असल्याची टोचणी लागते. ती टोचणी मग फोनवरून सूचना देण्यात बाहेर पडते. त्याला एक ठरलेले काम द्यावे : औषधांचा खर्च, डॉक्टरांशी आठवड्याचे बोलणे, किंवा महिन्यातून चार दिवस येऊन रात्रीचे जागरण. पत्नीसाठी रोज थोडा वेळ असा राखावा की तिने काहीही करायचे नाही, नुसते त्यांच्याजवळ बसायचे, कारण औषधे देण्याच्या धांदलीत नवराबायको म्हणून राहणेच हरवते. सेवा करणाऱ्याला झोप उडणे, रडू येणे, चिडचिड होणे असे त्रास होऊ लागले तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या) निःशुल्क क्रमांकावर बोलता येते.

आयुष्य सांगू द्यावे

कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी मरणासन्न रुग्णांच्या आत्मसन्मानावर बराच अभ्यास केला आहे. त्यांच्या पद्धतीत रुग्णाशी ठरावीक प्रश्नांवर संवाद करतात, तो ध्वनिमुद्रित करून लिहून काढतात आणि त्याला वाचून दाखवून, त्याच्या दुरुस्त्यांसह घरच्यांना देतात. हे घरी मोबाइलवर करता येते. एका वेळी वीस मिनिटांहून अधिक बोलवू नये. "तुमची गोष्ट सांगा" असे विचारले तर माणूस गांगरतो. त्याऐवजी "पहिल्यांदा मुंबईला बोटीने गेलात तेव्हा कोणत्या बंदरावर चढलात?", "मला एकच गोष्ट शिकवायची तर कोणती?", "कोणाला काही सांगायचे राहिले आहे का?" असे विचारावे. जुने भांडण निघाले तर मध्येच थांबवू नये. शक्य असेल तर त्या भावाला किंवा शेजाऱ्याला बोलावणे पाठवावे. तो आला नाही तरी बोलावणे गेले होते, हे त्यांना कळू द्यावे.

अखेरचे दिवस

झोप वाढते, खाणे-पिणे कमी होते, हातपाय गार पडू लागतात. घास भरवणाऱ्या पत्नीला किंवा लेकीला हे सोसत नाही, कारण भरवणे हीच तिची उरलेली भूमिका असते. शरीर बंद होत असताना भूक लागत नाही. गिळता येत नसताना जबरीने घातलेली पेज श्वासनलिकेत जाते, हे डॉक्टरांकडून तिला समजावून द्यावे आणि भरवण्याच्या जागी दुसरे काम द्यावे : ओल्या कापसाने ओठ व तोंड ओले ठेवणे, ओठांना तूप लावणे, तळहात चोळणे.

काहीजण गेलेल्या आईशी बोलतात किंवा "होडी लागली का?" असे विचारतात. ते शांत असतील तर चूक दाखवत बसू नये, "लागेल, आम्ही आहोत" म्हणावे. फार अस्वस्थ झाले, ओरडू लागले तर डॉक्टरांना कळवावे, त्यावर औषध असते. शेवटपर्यंत नावाने आणि नात्याने हाक मारावी. ऐकू येत असण्याची शक्यता धरूनच खोलीत बोलावे. राखून ठेवलेले एक काम या दिवसांतही करून घेता येते : दिवा दुसऱ्याने लावावा, पण लावण्यापूर्वी निरांजन त्यांच्या हाताला लावून न्यावे.

मागे राहणाऱ्या पत्नीविषयी

नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, पुढे हळदीकुंकवाला न बोलावणे, यांतून बाईची ओळख एका दिवसात बदलून टाकली जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. कोकणात घरातल्या जाणत्या पुरुषाच्या शब्दाला वजन असते. म्हणून ज्याला हे पटते त्याने आपल्या हयातीतच, भाऊबंद आणि भटजी यांच्यादेखत, सांगून ठेवावे की माझ्यामागे हिचे कुंकू, मंगळसूत्र आणि गौरीच्या ओवशातली (सवाष्णींनी गौरीपुढे सूप ओवसण्याच्या विधीतली) तिची जागा तिला हवी तशी राहील. शक्य तर दोन ओळी लिहून त्यावर सही करावी आणि तो कागद मृत्युपत्रासोबत न ठेवता थोरल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावा, कारण मृत्युपत्र उघडले जाते तेराव्यानंतर आणि या कागदाची गरज पहिल्याच दिवशी लागते.